शाळेची लायब्ररी नव्याने करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातले काही आर्किटेक्ट. रोजचं पोटापाण्याचं काम फ्लॅट, ऑफिसं, बंगले असलंच, त्यातून वेळ काढून शाळांच्या लायब्रऱ्या नीट करून देतो आणि काम चालू असताना ते मुलांना दाखवतो. मुख्याध्यापक, पालक, लायब्ररीच्या बाई आणि मुलं सगळे मिळून तेच तेच प्रश्न विचारतात, फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी शाळेच्या गेटवर गाडी स्टँडला लावता लावता. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

म्हणजे तुम्ही येऊन रंग मारणार आणि भिंतीवर चित्रं काढणार ना?

नाही. चित्रांशी भांडण नाही आमचं, पण 'मेकओव्हर' म्हटलं की बऱ्याच कमिट्यांच्या डोळ्यासमोर पिवळा-निळा ऑइलपेंट, भिंतीवर एक झाड, झाडावर चष्मा लावलेलं घुबड आणि खाली बीन बॅगा एवढंच येतं. फोटो मस्त निघतो. काही महिन्यांनी बीन बॅगेतले थर्माकोलचे दाणे जिन्यापर्यंत पोचलेले असतात आणि कपाटांची कुलपं होती तिथेच असतात. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी ओल, मग उजेड, मग फळ्या, मग बसायची जागा, आणि एवढं करून पैसे उरले तर रंग.

मुलांना काम दाखवता म्हणजे नक्की काय दाखवता?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

पहिल्या भेटीत आम्ही काहीच दाखवत नाही, उलट मुलांना कामाला लावतो. चारचार जणांचे गट करून खोली मोजायची, खिडकी जमिनीपासून किती उंच, दार आत उघडतं का बाहेर, पंखे कुठे, प्लग कुठे, आणि मग ते सगळं ग्राफ पेपरवर १:५० ला काढायचं, म्हणजे खऱ्या एक मीटरला कागदावर दोन सेंटीमीटर. टेप धरायला सगळे पुढे आणि आकडे लिहायला कोणीच नाही असं सुरुवातीला होतं, ते होऊ द्यायचं. मग गंमत अशी होते की समोरासमोरच्या दोन भिंतींची मापं जुळत नाहीत आणि गट एकमेकांवर ओरडायला लागतात की तुम्ही चुकलात, तेव्हा आम्ही कोपऱ्यात गुण्या लावून दाखवतो की बाबांनो खोलीच काटकोनात नाहीये. जुन्या शाळांमध्ये हे हमखास निघतं.

त्यानंतर आमची ड्रॉइंग्ज. पक्की, कॉम्प्युटरवर काढलेली नाहीत, ट्रेसिंग पेपरवरची कच्ची, खाडाखोड केलेली, आणि नाकारलेली पण, का नाकारली त्याच्यासकट. मुलांना वाटत असतं की मोठी माणसं एकदाच बसून बरोबर काढतात. मग सनबोर्डचं मॉडेल, छप्पर उचलता येईल असं, आणि मोबाइलचा टॉर्च सूर्य म्हणून खिडकीबाहेर फिरवायचा. सुतारकाम सुरू झालं की मधल्या सुट्टीत सुतारदादा पाच-दहा मिनिटं दाखवतात, कटर बंद ठेवून.

आणि एस्टिमेट. हो, पैशांचा कागदसुद्धा दाखवतो, शाळेची हरकत नसेल तर. प्लायची एक शीट केवढ्याला पडते हे ऐकून सातवीचा वर्ग जो गप्प होतो तसा कुठल्याही सूचनेने होत नाही. मग त्यांना कोडं घालतो: आठ बाय चार फुटांची शीट, त्यातून ११ इंच खोल फळ्या काढायच्यात, कमीत कमी वाया जाईल असं कापा. उत्तर असं, की ४८ इंचात ११ इंची पट्ट्या चार बसतात, प्रत्येक पट्टी ९६ इंचांची, तिचे तीन तुकडे, म्हणजे ३२ इंचाला जरा कमी लांबीच्या बारा फळ्या, जरा कमी यासाठी की करवतीचं पातंही थोडं लाकूड खातं. आणि वर साधारण चार इंचांची पट्टी उरते, ती फळीच्या पुढच्या कडेला लावायला कामाला येते. आमच्या फळ्या ३२ इंचांच्या आतल्याच का असतात त्याचं निम्मं कारण हे आहे. उरलेलं निम्मं खाली येतंय.

पण मुलांना प्लॅनमधलं काय कळतं?

कागदावरचं सगळ्यांना नाही कळत, पालकांनाही नाही कळत, फ्लॅट घेताना आपण बघतोच. म्हणून आम्ही हॉलमध्ये किंवा मैदानावर खडूने पूर्ण मापाचा प्लॅन आखतो. भिंत, दार, रॅक, टेबल, सगळं खरं तेवढंच. मग म्हणायचं, जा आत, पुस्तक शोधा, बसा.

पेठेतल्या एका शाळेत दोन रॅकमध्ये तीन फुटांची वाट आखली होती. एक माणूस जायला पुरते. सातवीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून आत शिरली, समोरून तिची मैत्रीण तशीच आली, आणि दोघी मधोमध अडकल्या, मागे वळता येईना पुढे जाता येईना, रॅक खडूचे असून त्यांनी रेघ ओलांडली नाही हे विशेष. एक मुलगा म्हणाला, दप्तरं बाहेर ठेवायला लावा ना. त्यावर लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "बाहेर ठेवलं की डब्यांना मुंग्या लागतात आणि मग माझ्याकडे तक्रारी येतात." तिथल्या तिथे ठरलं: वाट चार फुटांची, त्यासाठी एक रॅक कमी, आणि दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या खांद्याच्या उंचीवर हुकांची रांग. हे आम्हाला ऑफिसात बसून सुचलं असतं का, माहीत नाही, पण तिथे सगळ्यांसमोर दिसलं, आणि नंतर रॅक का कमी केला हे कुणाला समजावत बसावं लागलं नाही.

मुलं मागतील ते सगळं देता का?

छे. एसी, घसरगुंडी, झोपाळा, गेमिंगचा कॉम्प्युटर, एकाने मांजर. पण मागणीच्या मागे काय आहे ते बघतो. घसरगुंडी मागणाऱ्या मुलांशी बोललं की कळतं त्यांना बाकावर ताठ बसायचा कंटाळा आलाय, मग खिडकीखाली पंधरा इंच उंच ओटा आणि त्यावर सतरंजी टाकली की ती खूश, आणि ओट्याच्या पोटात खण करता येतात ते वेगळंच. झोपाळ्याला सरळ नाही, कारण जुन्या स्लॅबला हूक मारून त्यावर रोज मुलं लटकवायची जबाबदारी कोण घेणार. प्रत्येक मागणीचं उत्तर लिहून नोटीस बोर्डवर लावतो, हो किंवा नाही, आणि नाही तर का नाही. विचारलं आणि पुढे काहीच सांगितलं नाही तर पुढच्या वेळी मुलं विचारल्यावर खांदे उडवतात. मांजरीला नाही म्हणालो, कारण मात्र नीट देता आलं नाही.

कितवीची मुलं घेता?

मोजायला पाचवीपासून, खडूच्या प्लॅनला तिसरीपासून. नववी-दहावीवाले क्लासमुळे कधीच सापडत नाहीत, त्यांच्यासाठी एक कागद लायब्ररीत ठेवून देतो, अभ्यासाला बसता तेव्हा काय त्रास होतो ते लिहा म्हणून. त्यावर निम्म्या वेळा 'पंख्याचा आवाज' असं येतं.

आमची लायब्ररी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात हलवायचीय. चालेल ना?

थांबा. पुस्तकांच्या वजनाचा अंदाज भल्याभल्यांना नसतो. पुस्तकांची एक फूट रांग साधारण ८ ते १२ किलो भरते, म्हणजे तीन फुटी, सहा खणांचा एक भरलेला रॅक दीडशे ते दोनशे किलोपर्यंत जातो. आपल्याकडे इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा दुसरा भाग, त्यात वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोचा भार धरलाय आणि पुस्तकांच्या स्टॅक रूमसाठी ६०० किलोचा. सरळ दुप्पट. म्हणजे वर्ग म्हणून बांधलेल्या खोलीत मधोमध उंच रॅकच्या रांगा लावणं हा काही हौसेने करायचा प्रयोग नाही. रॅक भिंतीलगत किंवा बीमवर येतील असे, उंची कमी, मध्ये टेबलं, आणि काहीही करायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. तीस वर्षांच्या वरची इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का ते पहिल्याच भेटीत विचारतो, आणि नसेल तर आम्ही पुढचं बोलत नाही. तळमजल्यावर खोली मिळत असेल तर प्रश्नच मिटला, फक्त मग ओलीकडे बघायचं.

नवीन रॅक केले आणि दोन वर्षांत फळ्या मधून वाकल्या. सुताराने फसवलं का?

बहुतेक नाही, फळी लांब होती. हे उरलेलं निम्मं कारण. फळीवर सारखं वजन असेल तर तिचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट केली तर झोळ सोळा पट. तीन फुटांची फळी चार फुटांची केली, एकच फूट वाढवलं, तरी झोळ तिपटीहून जास्त. हे मुलांना दाखवायला स्टीलची पट्टी आणि दोन डस्टर पुरतात, डस्टर लांब सरकवत जायचे आणि मध्ये खोडरबर ठेवायचं.

१८ एमएमची प्लाय, लांबी पावणेतीन फुटांच्या आत, आणि पुढच्या कडेला खालच्या बाजूने उभी पट्टी, एवढं केलं की जाडजूड विश्वकोशसुद्धा बसतात. प्लाय बीडब्ल्यूआर ग्रेडची, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारी घ्या, नुसता दमटपणा सोसणारी साधी एमआर नको, पुण्यातला पावसाळा भिंतीतून येतो. आणि रॅक कुठलाही असो, वरून भिंतीला अँगलने ठोकून टाकायचा. मुलं चढतात. चढू नका लिहिलं तर जास्त चढतात.

आमची शाळा जुन्या वाड्यासारख्या इमारतीत आहे, भिंतीला दरवर्षी पोपडे येतात. वॉटरप्रूफ पेंट मारला तरी येतात.

वॉटरप्रूफ पेंट मारला म्हणूनच येतात, असं बऱ्याचदा असतं. जुन्या भिंती वीट किंवा दगड आणि चुन्याच्या, त्या ओल घेतात आणि सोडतात, वर्षानुवर्षं त्यांचं तेच चाललेलं असतं. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. आधी पाणी येतंय कुठून ते शोधायचं, पन्हळ फुटलीय का, कौलं सरकलीत का, बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढलीय का, रस्ता उंच होत होत शाळा खड्ड्यात गेलीय का, शेवटचं तर पेठांमध्ये सारखं बघतो. मग आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. दिसायला साधी, हात फिरवला तर पांढरा होतो, कमिटीला आवडत नाही, पण भिंत कोरडी राहते.

पश्चिमेच्या भिंतीला पुस्तकं चिकटवून लावू नका, पाऊस त्याच बाजूने झोडपतो. रॅकच्या मागे तीन-चार इंच हवा खेळती राहू द्या. कोनाडे असतील तर ते बुजवू नका हो. लहान मुलांच्या पुस्तकांना कोनाड्यासारखी जागा नाही, पुस्तक समोरून दिसतं आणि मूलही निम्मं आत बसतं.

जुना ऑइलपेंट खरवडायचा असेल तर मुलं शाळेत असताना अजिबात नाही. भारतात रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही, आणि ती धूळ मुलांच्या पोटात जायला नको. छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तेही कापू-फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

लाइट किती लावायचे? आमच्याकडे सहा ट्यूब आहेत, तरी अंधार वाटतो.

ट्यूब मोजू नका, टेबलावरचा उजेड मोजा. वाचायच्या जागी ३०० ते ५०० लक्स पाहिजे. फोनवर लक्स मीटरचं फुकट ॲप मिळतं, अगदी काटेकोर नसतं पण अंदाज येतो, आणि हे काम मुलांकडे द्या, खोलीभर फिरून दर मीटरवर आकडा लिहून नकाशा करतात. एका शाळेत असा नकाशा केला तर सगळ्यात जास्त उजेड कपाटांच्या डोक्यावर निघाला.

एक गोष्ट कायम राहून जाते. दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली सतत पानावर फडफडत राहते, मुलं म्हणतात डोकं दुखतं आणि आपण म्हणतो चष्मा लागला असेल. दिवे पंख्याच्या पात्यांच्या खालच्या पातळीला किंवा पार बाजूला घ्या.

दिवसाच्या उजेडाचं म्हणाल तर उत्तरेची खिडकी चांगली असं सगळे सांगतात, आणि वर्षातले बरेच महिने ते खरं आहे, पण पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं. मैदानात काठी रोवून सावली बघा, मेच्या मध्यात एक दिवस असा येतो की दुपारी सावली गायब. शाळेला तेव्हा सुट्टी असते ही एक अडचण आहे, पण जवळ राहणारी मुलं येतात. पश्चिमेच्या खिडकीचं मात्र काही खरं नाही, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिथे कोणी बसत नाही आणि पुस्तकांचे कणे उन्हाने पांढरे पडतात. तिथे बाहेरून उभी चिकाची जाळी किंवा वेल, आतून पडदा लावून उष्णता थांबत नाही.

कपाटांची कुलपं काढायचीच का? पुस्तकं हरवली तर कोण भरणार?

यावर खरं भांडण असतं, आणि ते वास्तुशास्त्राचं नाहीये आर्किटेक्चरचंही नाहीये. लायब्ररीच्या बाई कुलूप लावतात कारण वर्षअखेरीला पडताळणी होते, आकडा जुळला नाही की प्रश्न त्यांना विचारले जातात, क्वचित पगारातून कापायची भाषा होते. अशा माणसाला "मुलांना मोकळं वाचू द्या ना" असं बाहेरून येऊन सांगणं सोपं आहे. म्हणून आम्ही हा विषय आधी मुख्याध्यापकांकडे काढतो, बाईंकडे नंतर.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. ते सगळ्या ग्रंथपालांना पाठ असतं, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन त्यांच्याच जयंतीला असतो, त्यामुळे ते ऐकवून फार उपयोग नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या कागदाचा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये स्पष्ट लिहिलंय की वर्षभरात जेवढी पुस्तकं वाचायला दिली गेली त्यात हजारामागे पाच गहाळ होणं हे वाजवी धरावं, त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. तुमच्या शाळेला तो नियम थेट लागू नसेल, पण संस्थेला असाच एक ठराव करता येतो. तो ठराव झाला की बाईंच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही नवीन फर्निचरने पडत नाही. कुलपं मग त्या स्वतःच काढतात. दुर्मीळ, जुन्या, हजार रुपयांच्या वरच्या पुस्तकांना एक कुलपाचं कपाट राहू द्या, काचेचं.

बाईंचं टेबल दाराजवळ आणि असं, की बसल्या जागेवरून सगळ्या वाटा दिसतील. उंच रॅक भिंतीला, मधले सगळे चार फुटांच्या आत. पाचवीतल्या मुलाचा हात पोचतो आणि बाईंची नजर पोचते.

पुस्तकं कशी लावायची? ड्यूईच्या विषयवार नंबरांनी का?

नंबर ड्यूईचेच राहू द्या, पण मराठी शाळेत अडचण अशी की मराठी साहित्य सगळं ८९१.४६ मध्ये जातं, त्यामुळे अर्धी लायब्ररी एकाच नंबरखाली. मुलांसाठी कण्यावर रंगीत पट्टी लावतो: गोष्टी, कविता, विज्ञान, चरित्रं, खेळ. रंग मुलं ठरवतात आणि त्यावरून मारामारी होते. आणि प्रत्येक रॅकला निदान एक खण असा की पुस्तक कव्हर समोर करून ठेवता येईल. क्रिकेटचा नंबर ७९६.३५८ आहे हे एकदा सांगा, मुलं तो कधी विसरत नाहीत.

वाळवी आणि कसर?

वाळवीसाठी रॅक ठोकायच्या आधी पेस्ट कंट्रोल, फर्निचर आल्यावर नाही. कसर ओल आणि अंधारात होते, हवा-उजेड आला की निम्मी जाते. वेखंडाची पुरचुंडी, कडुलिंबाचा पाला हे पूर्वीपासून पोथ्यांत ठेवतात, जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर गळकी पन्हळ सोडू नका.

लायब्ररी रस्त्याकडेला आहे, रिक्षा आणि बसच्या आवाजात वाचायचं कसं?

बाहेरचा आवाज खिडक्या बंद केल्याशिवाय थांबत नाही आणि खिडक्या बंद केल्या तर एप्रिलमध्ये मुलं शिजतात. म्हणून खोली बदलता येते का ते आधी बघा. आतला गोंगाट मात्र कमी होतो. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा, ती रेंगाळली तर खोलीत सगळंच कडक आहे, शहाबादी फरशी, स्लॅब, ऑइलपेंट. सॉफ्टबोर्डचे मोठे पॅनेल, जमिनीवर सतरंजी, आणि पुस्तकांनी भरलेले रॅक, एवढ्याने फरक कळतो. मुलांची चित्रं लावायला बोर्ड हवाच असतो, तोच मोठा करायचा.

स्मार्ट बोर्ड आणि कॉम्प्युटर ठेवायचे का?

कॅटलॉग शोधायला एक कॉम्प्युटर, बास. स्मार्ट बोर्ड आला की त्या खोलीत ऑफ पिरियडचे वर्ग भरायला लागतात आणि लायब्ररी संपते.

व्हीलचेअरवरचं मूल आमच्याकडे नाहीये, तरी रॅम्प लागेल?

नाहीये कारण रॅम्प नाहीये, असंही असू शकतं ना. उंबरा काढा, एक फूट चढायला बारा फूट लांब उतार, दार नऊशे एमएमचं, चार फुटांची वाट, जी दप्तरांसाठी तशीही हवी आहे, आणि व्हीलचेअर गोल वळायला एके ठिकाणी दीड मीटरची मोकळी जागा. एक टेबल असं की चाकं खाली जातील. फार खर्च नाही यात.

महापालिकेची परवानगी लागते का?

फर्निचर, रंग, वायरिंग, फरशी याला साधारणपणे नाही. भिंत पाडणं, नवीन खिडकी फोडणं, माळा घालणं असं काही असेल तर बांधकाम विभागाकडे जावं लागतं, आणि इमारत हेरिटेज यादीत असेल तर आधी ते प्रकरण बघावं लागतं. जाड भिंतीत "छोटंसं दार" काढायचा मोह आवरा, अशा इमारतीत छप्पर भिंतीवरच उभं असतं.

काम कधी करायचं?

ठोकाठोकी, धूळ, पॉलिश हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा जूनच्या मध्यावर सुरू व्हायच्या आधी. पण मुलांबरोबरचं काम शाळा चालू असतानाच, म्हणून दिवाळीनंतर आम्हाला बोलवा, एप्रिलमध्ये नको. एप्रिलमध्ये फोन केला तर एवढंच होतं की आम्ही आमच्या मनाने करून जातो आणि जूनमध्ये मुलांना तयार खोली दिसते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला उद्घाटन हवं म्हणून ऑगस्टमध्ये घाई करणाऱ्यांना तर आम्ही हात जोडतो. पावसाळ्यात पॉलिश सुकत नाही, गिलावा सुकत नाही, कोणी कितीही मोठा पाहुणा असला तरी.

खर्च किती येतो?

इथे आकडा लिहिला तर प्लायचा भाव बदलला की तो खोटा ठरणार. आमची फी नाही. जुनं लाकूड मिळालं तर खर्च खूप खाली येतो, त्यामुळे शाळेच्या माळ्यावरचे मोडके सागवानी बाक भंगारात द्यायच्या आधी आम्हाला दाखवा. त्यांच्या फळ्यांची टेबलं होतात, आणि त्यावर कोरलेली नावं आम्ही रंधा मारून घालवत नाही. बाकी लाकडासाठी टिंबर मार्केट, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात बिजागऱ्या, पितळी हँडल असलं काय काय मिळतं, मुलांना घेऊन जायला पण मजा येते, फक्त दोन मोठी माणसं जास्त न्या.

आमची मुलगी तुमच्याबरोबर काम केल्यापासून आर्किटेक्ट व्हायचं म्हणतेय. चित्रकला बेताची आहे. चालेल?

चालतं. बघायची सवय हवी, चित्र सुधारतं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, मग नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, मग पाच वर्षांचं बी.आर्क. आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी, १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पाच वर्षांत रात्रीची जागरणं भरपूर आणि सुरुवातीचा पगार बेताचा, हेही सांगून ठेवतो. ड्रॉइंगच आवडत असेल तर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स असतो, तोही वाईट नाही.

तिला युनिव्हर्सिटीच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संस्था दाखवा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं काम, मधल्या अंगणात बसून नुसतं बघू द्या. आणि हे सांगा की बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यातच जन्मले, फर्निचरचा धंदा असलेल्या घरात, आणि २०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं मानाचं पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय.

शाळेकडे आत्ता काहीच पैसे नाहीत. तरी काही करता येईल?

बरंच. सगळ्यात वरचा खण रिकामा करा, तिथली पुस्तकं तशीही कोणी काढत नाही. खिडकीसमोर कपाट उभं असेल तर ते हलवा, निम्म्या लायब्रऱ्यांमध्ये असतं, का ते देवाला ठाऊक. खिडक्यांच्या काचा पुसा, ट्यूबच्या पट्ट्या पुसा. १९८० च्या आधीची गाइडं आणि पोटनियमांची बाइंडिंगं निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करायचा ठराव करून बाहेर काढा. दोन सतरंज्या टाका. लायब्ररी मधल्या सुट्टीत उघडी ठेवा, शनिवारी अर्धा तास जास्त ठेवा. आणि मुलांना टेप देऊन खोली मोजायला लावा, ती मापं एका वहीत ठेवा, आम्ही आलो की पहिल्यांदा तीच मागणार आहोत.